सायकलीच्या सुट्या भागांवर काळाची नोंद ठेवणारा कारागीर : टुलियो काम्पान्योलो

जुनी रेसिंग सायकल हाती आली की पहिला प्रश्न तिच्या वयाचा असतो. फ्रेमवरची नावाची पट्टी नवी चिकटवलेली असू शकते आणि रंगही पुन्हा दिलेला असू शकतो. तळाशी ठोकलेला क्रमांकही अनेकदा काही सांगत नाही, कारण इटलीतील कित्येक लहान कारखान्यांनी अशा क्रमांकांची सुसंगत नोंदवही ठेवली नव्हती. म्हणून जाणकार मागचे चाक काढतात, हबच्या टोकाचा चपटा नट पुसून स्वच्छ करतात आणि भिंगाखाली पाहतात. तेथे रोमन लिपीतील तीन अक्षरे आणि त्यापुढे दोन आकडे कोरलेले आढळले, तर निम्मे काम झाले असे समजतात. ती तीन अक्षरे इटलीतील विचेन्झा शहराच्या टुलियो काम्पान्योलो यांच्या आडनावाची आहेत. पुढचे दोन आकडे हे तो नट ज्या वर्षी तयार झाला त्या वर्षाचे असतात.

या आडनावाचा उच्चार आपल्याकडे सायकलशौकीन मंडळी सर्रास 'कॅम्पाग्नोलो' असा करतात. मूळ इटालियन उच्चार 'काम्पान्योलो' असा आहे. नाव कसेही उच्चारले, तरी विसाव्या शतकातील शर्यतीच्या सायकलीचा इतिहास या एका माणसाला वगळून लिहिता येत नाही, आणि जुन्या सायकलीचे वय तर बहुधा त्याच्याच हातच्या वस्तूंवरून ठरते.

टुलियो काम्पान्योलो यांचा जन्म २६ ऑगस्ट १९०१ रोजी विचेन्झा येथे झाला. वडिलांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. खिळे, बिजागऱ्या, कुलपे आणि हत्यारे यांच्या सहवासात मुलाचे बालपण गेले. तरुणपणी त्यांनी हौशी सायकलपटू म्हणून शर्यतींत भाग घेतला. ते फार मोठे विजेते कधीच नव्हते. मात्र शर्यतीत सायकलस्वाराला नेमकी कोणती अडचण येते, थंडीत बोटांची काय अवस्था होते, चढ संपल्यावर किती सेकंद वाया जातात, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. पुढे त्यांच्या कारखान्यात तयार झालेल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूत हा अनुभव उतरलेला दिसतो.

त्या काळच्या शर्यतीच्या सायकलीला आजच्यासारखे गिअर नव्हते. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दातेरी चक्रे असत. एका बाजूला सपाट रस्त्यासाठी लहान चक्र असे आणि दुसऱ्या बाजूला चढासाठी मोठे. घाट सुरू झाला की स्वार खाली उतरे, चाकाचे नट सैल करी, चाक उलटे फिरवून पुन्हा बसवी आणि नट आवळून निघे. माथ्यावर पोहोचल्यावर हाच उद्योग उलट क्रमाने करावा लागे. शर्यतीत कोणी कोठे उतरायचे हा डावपेचाचाच भाग झाला होता.

काम्पान्योलो यांच्याविषयी सर्वांत अधिक सांगितली जाणारी कथा याच अडचणीशी जोडलेली आहे. डोलोमाइट पर्वतराजीतील क्रोचे दाउने या खिंडीत, नोव्हेंबरच्या थंडीत आणि बर्फात, शर्यतीत पुढे असलेल्या टुलियो यांना गारठलेल्या बोटांनी चाकाचे पाकळीचे नट सोडवता आले नाहीत. प्रतिस्पर्धी पुढे निघून गेले आणि मागच्या बाजूला काहीतरी बदलायला हवे, असा निश्चय त्यांनी तेथेच केला, असे ही कथा सांगते. कथा चित्तवेधक आहे, परंतु तिच्या वर्षाबद्दलच एकवाक्यता नाही. काही ठिकाणी १९२४ हे वर्ष दिले जाते, काही ठिकाणी १९२७. सायकलीच्या इतिहासाच्या काही अभ्यासकांनी तर या प्रसंगाच्या तपशिलांविषयीच शंका उपस्थित केली आहे. ज्याच्या कारखान्यातील नटांवर वर्ष कोरलेले असे, त्याच्या आयुष्यातील सर्वांत गाजलेल्या प्रसंगाला मात्र पक्के वर्ष नाही. खिंडीत आज त्यांचे स्मारक उभे आहे, आणि तेथे जाणाऱ्या सायकलस्वारांना या शंकांशी फारसे कर्तव्य नसते.

कथेचे खरेखोटे बाजूला ठेवले तरी वस्तू खरी आहे. कंपनीच्या इतिहासानुसार १९३० मध्ये त्यांनी चाक झटपट सोडवण्याची युक्ती साकार केली. 'क्विक रिलीज' या नावाने ती आज जगभर ओळखली जाते. हबची आस पोकळ केलेली असते. तिच्यातून एक बारीक सळई आरपार जाते. सळईच्या एका टोकाला नट असतो, तर दुसऱ्या टोकाला छोटा दांडा आणि त्याच्या मुळाशी मध्यबिंदूपासून सरकवलेले गोल चकते असते. दांडा एका बाजूला वळवला की हे चकते सळईला ताणते आणि चाक फ्रेमच्या खाचेत घट्ट बसते. दांडा उलट वळवला की चाक मोकळे होते. त्यासाठी पाना लागत नाही, दोन बोटे पुरतात. भारतात आज विकल्या जाणाऱ्या अनेक गिअरच्या सायकलींना पुढच्या चाकाशी जो वळणारा दांडा दिसतो, तो याच युक्तीचा वंशज आहे.

१९३३ मध्ये विचेन्झा येथे कंपनी रीतसर स्थापन झाली. कंपनी हा शब्द मोठा वाटेल, पण वडिलांच्या दुकानामागची खोली हाच कारखाना होता आणि पहिला पूर्णवेळ कामगार नेमला गेला तो १९४० मध्ये. त्या आधीची सात वर्षे बहुतांश काम टुलियो यांनी स्वतःच्या हातांनी केले. अशा काळातील हब आज क्वचितच सापडतात आणि सापडले तर त्यांचे मोल संग्राहकच जाणोत.

चाक लवकर सोडवता येऊ लागले, पण उतरण्याची गरज संपली नव्हती. फ्रान्समध्ये साखळी एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर सरकवणारी यंत्रणा, म्हणजे डिरेलर, पर्यटकांच्या सायकलींवर रुळली होती. 'तूर द फ्रान्स'च्या संयोजकांनी मात्र ती बराच काळ शर्यतीबाहेर ठेवली आणि १९३७ मध्ये प्रथमच परवानगी दिली. काम्पान्योलो यांनी या प्रश्नाचे जे उत्तर शोधले ते आज पाहिले तर अंगावर काटा येतो. 'काम्बिओ कोर्सा' या नावाच्या त्यांच्या यंत्रणेत मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळीवर दोन लांब दांडे बसवलेले असत. स्वाराने धावत्या सायकलीवर हात मागे नेऊन पहिल्या दांड्याने चाकच सैल करायचे, पायडल उलटे फिरवायचे, दुसऱ्या दांड्याने साखळी हव्या त्या चक्रावर ढकलायची, चाक योग्य जागी सरकले की पहिला दांडा पुन्हा आवळायचा. हे सारे घाटात आणि गर्दीत करायचे. चाक तिरके होऊ नये म्हणून फ्रेमच्या खाचेला दाते कोरलेले असत आणि आस त्या दात्यांवरून पुढेमागे गडगडत जाई.

हे दाते आज वय ठरवणाऱ्यांच्या फार उपयोगी पडतात. सुटे भाग बदलता येतात, पण फ्रेमच्या मूळ खाचेला दाते असतील तर ती फ्रेम याच यंत्रणेसाठी घडवली होती हे उघड होते, आणि मग शोध १९४० चे दशक व १९५० च्या दशकाचा आरंभ एवढ्यापुरता मर्यादित राहतो. या अवघड यंत्रणेवरच जीनो बार्ताली यांनी १९४८ ची 'तूर द फ्रान्स' जिंकली. १९३८ च्या त्यांच्या पहिल्या विजयानंतर दहा वर्षांनी, आणि मधले महायुद्ध ओलांडून, मिळालेले हे यश इटलीत राष्ट्रीय घटना ठरले. पुढे दोन दांड्यांऐवजी एकाच दांड्याने काम भागवणारी आवृत्ती आली. फाउस्तो कोप्पी यांनी १९५० मध्ये पॅरिस ते रुबे ही दगडी रस्त्यांची शर्यत तिच्यावर जिंकली आणि त्या आवृत्तीला 'पॅरिस–रुबे' हेच नाव पडले.

तथापि या मार्गाला भविष्य नव्हते, आणि हे काम्पान्योलो यांनी वेळेवर ओळखले. त्यांच्या कारकिर्दीतील खरा धाडसी निर्णय हाच मानावा लागेल. स्वतःची यंत्रणा मोठ्या शर्यती जिंकत असतानाच त्यांनी ती मोडीत काढण्याची तयारी चालवली होती. १९४९ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात त्यांनी तारेने चालणाऱ्या नव्या डिरेलरचा नमुना मांडला आणि १९५१ मध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले. नाव होते 'ग्रान स्पोर्त'. यात समांतरभुज चौकोनाच्या आकाराची, चार सांध्यांवर हलणारी चौकट होती. तार ओढली की चौकट एका बाजूला कलते आणि साखळीला सोबत नेते, तार सैल केली की स्प्रिंग तिला मागे आणते. ही कल्पना सर्वस्वी त्यांची होती असे म्हणता येत नाही. फ्रान्समधील 'निव्हेक्स' या डिरेलरमध्ये समांतरभुज चौकट १९३८ मध्येच वापरली गेली होती. काम्पान्योलो यांचे श्रेय वेगळे आहे. ती चौकट त्यांनी आटोपशीर व मजबूत केली, शर्यतीच्या मारात टिकेल अशा अचूकतेने घडवली आणि इतक्या निगुतीने बनवली की पुढची अनेक दशके इतरांना तिच्याच वाटेने जावे लागले.

त्यानंतरची वाटचाल वेगाने झाली. हब, क्रँक, पायडल, आसनाची दांडी असे एकेक भाग कारखान्यातून बाहेर पडू लागले. त्यापूर्वी सायकलवाला हब एका कारखान्याचा, क्रँक दुसऱ्याचा आणि पायडल तिसऱ्याचे असा मेळ घालत असे. एकाच हाताने घडवलेला पूर्ण संच ही कल्पना सायकलविश्वात रुजवण्याचे मोठे श्रेय काम्पान्योलो यांच्याकडे जाते. १९६३ मध्ये 'रेकॉर्ड' डिरेलर आला. तो कांशावर क्रोमचा मुलामा दिलेला होता, त्यामुळे वजनदार होता. १९६७ मध्ये अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा 'नुओवो रेकॉर्ड' आला आणि शर्यतीच्या सायकलीचे रूपच ठरून गेले. ब्रेक मात्र उशिरा, १९६० च्या दशकाच्या अखेरीस आले. १९७० च्या दशकाच्या मध्यास टायटॅनियमचे बोल्ट वापरणारा 'सुपर रेकॉर्ड' हा आणखी हलका संच दाखल झाला.

नेमका येथेच वय ठरवण्याचा पेच सुरू होतो. 'नुओवो रेकॉर्ड' डिरेलरचे रूप सतरा-अठरा वर्षे जवळजवळ बदललेच नाही. १९६८ ची आणि १९८२ ची सायकल शेजारी उभी केली तर दुरून दोन्हींचे यंत्र सारखेच भासेल. अशा वेळी कोरलेल्या खुणा कामी येतात. १९७० च्या दशकात आणि १९८० च्या आरंभीच्या वर्षांत या डिरेलरच्या वरच्या भागावर 'पेटंट' या शब्दापुढे दोन आकडे ठोकलेले असत. नवखे संग्राहक ते पेटंट मिळाल्याचे वर्ष समजतात. प्रत्यक्षात ते तो भाग तयार झाल्याचे वर्ष असते. क्रँकच्या मागच्या बाजूला छोट्या चौकटीत एकच आकडा सापडतो, तो दशकातील वर्ष सांगतो. १९६७ च्या सुमारास झालेला एक बदल तर मोजपट्टीनेही ओळखता येतो. दातेरी चक्र क्रँकला जोडणाऱ्या पाच बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास तोपर्यंत १५१ मिलिमीटर होता, तो १४४ मिलिमीटर करण्यात आला. चढासाठी अधिक लहान चक्र बसवता यावे हा त्यामागचा हेतू होता. क्विक रिलीजचे दांडे आधी सरळ होते, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते वाकवलेले मिळू लागले.

एवढ्या खुणा असूनही फसगत होतेच, आणि तिचे कारण कंपनीचा एक गुणच आहे. काम्पान्योलोच्या सूचिपुस्तकांत प्रत्येक लहान स्क्रू, वॉशर आणि स्प्रिंगला स्वतंत्र क्रमांक असे आणि तो सुटा विकत मिळे. वस्तू फेकून न देता दुरुस्त करावी हे टुलियो यांचे धोरण होते. त्यामुळे वीस वर्षे शर्यतीत पळालेल्या सायकलीवर वेगवेगळ्या वर्षांचे भाग एकत्र नांदताना दिसतात. सर्वांत आधी झिजून बदलला जातो तो डिरेलर, हब सहसा फ्रेमबरोबर टिकून राहतात. म्हणून अनुभवी परीक्षक एकाच खुणेवर विसंबत नाहीत. दोन्ही हबचे नट, क्रँक आणि डिरेलर एकाच किंवा लगतच्या वर्षाची ग्वाही देत असतील तरच संच मूळचा मानला जातो. मग फ्रेमची साक्ष काढली जाते. मागच्या खाचांतील अंतर १२० मिलिमीटर असेल तर ती पाच चक्रांसाठी, १२६ मिलिमीटर असेल तर सहा चक्रांसाठी घडवलेली असते. गिअरची तार तळाच्या सांध्यावरून गेली आहे की खालून, हेही पाहतात. खालून नेण्याची पद्धत प्रामुख्याने १९८० च्या दशकात रुळली. फ्रेम १९७२ ची आणि एकूण एक भाग १९७९ चे असतील, तर सायकल खोटी ठरत नाही. तिचा एखादा मालक हौशी आणि पैसेवाला होता एवढेच त्यावरून कळते. मात्र विकणारा तिला १९७२ ची मूळ सायकल म्हणून किंमत सांगत असेल, तर नटावरचे दोन आकडे त्याला उघडे पाडतात.

टुलियो यांची जिज्ञासा सायकलीपुरती मर्यादित राहिली नाही. १९६० च्या दशकात त्यांचा कारखाना मॅग्नेशियमच्या ओतकामात उतरला. या हलक्या धातूची मोटारींची चाके त्यांनी तयार केली आणि फेरारी व लॅम्बोर्गिनीसारख्या गाड्यांवर ती बसली. १९६९ मध्ये अवकाशात गेलेल्या 'नासा'च्या एका सूर्यनिरीक्षक उपग्रहाचा सांगाडा आपण घडवल्याचे कंपनी अभिमानाने नोंदवते. याच माणसाने १९६६ मध्ये मद्याच्या बाटलीचे बूच काढण्याचे एक अवजड, चकचकीत अवजार बाजारात आणले. बूच मधोमध पकडून सरळ वर काढणे हीही त्यांच्या मते अचूकतेचीच समस्या होती. हे अवजार आजही संग्राहकांच्या घरी दिवाणखान्यात मांडलेले आढळते.

शर्यतींच्या जगाशी त्यांचा संपर्क अखेरपर्यंत तुटला नाही. सायकलपटू आणि मेकॅनिक यांच्याकडून तक्रारी थेट ऐकून घेण्याची त्यांची सवय होती. बेल्जियमचे एडी मर्क्स यांच्याशी त्यांचे विशेष सख्य जमले. मर्क्स यांनी १९६९ ते १९७४ या काळात पाच वेळा 'तूर द फ्रान्स' जिंकली ती काम्पान्योलोच्या सामग्रीवर. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटी येथे एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून त्यांनी विश्वविक्रम केला, त्या सायकलीचे वजन कमी करण्यासाठी भागाभागांतून धातू कोरून काढण्यात आला होता.

या यशाला एक दुसरी बाजू होती, आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. गिअर बदलण्याच्या सफाईत 'नुओवो रेकॉर्ड' हा आपल्या काळातील सर्वोत्तम डिरेलर नव्हता. जपानच्या 'सनटूर' कंपनीने १९६४ मध्येच समांतरभुज चौकट तिरकी बसवून साखळी आणि चक्र यांतील अंतर जवळजवळ समान राखण्याची युक्ती शोधली होती. तिचे स्वस्त डिरेलर इटलीच्या महागड्या यंत्रापेक्षा अधिक हलक्या हाताने गिअर बदलत. काम्पान्योलोचे यंत्र टिकत असे, झिजले तर दुरुस्त होत असे आणि मेकॅनिकला त्याचा पूर्ण भरवसा असे. व्यावसायिक संघांना तेवढे पुरेसे होते. पण जी निर्दयता टुलियो यांनी १९४९ मध्ये स्वतःच्या दोन दांड्यांच्या यंत्रणेबाबत दाखवली, ती त्यांनी आपल्या सर्वांत यशस्वी रचनेबाबत दाखवली नाही. सनटूरच्या पेटंटची मुदत १९८४ मध्ये संपली, आणि त्याच वर्षी जपानच्याच 'शिमानो'ने दांडा एक टप्पा सरकवला की नेमका एक गिअर बदलणारी यंत्रणा आपल्या सर्वोच्च संचात आणली. बाजार त्यानंतर झपाट्याने बदलला.

ते पाहायला टुलियो काम्पान्योलो हयात नव्हते. फेब्रुवारी १९८३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कंपनीच्या सुवर्णमहोत्सवाचे ते वर्ष होते. कारभार पुत्र व्हालेन्तिनो यांच्याकडे आला. महोत्सवानिमित्त सोनेरी नक्षीचा, खास पेटीत ठेवलेला आणि क्रमांक घातलेला संच काढण्यात आला. त्यातील अनेक संच सायकलीवर कधी चढलेच नाहीत, पेटीतच राहिले.

इटलीतील तोस्काना प्रांतात गायोले या गावी १९९७ पासून 'एरोइका' नावाची जुन्या सायकलींची फेरी भरते. १९८७ पूर्वी बनलेली सायकल, फ्रेमच्या तिरक्या नळीवर गिअरचे दांडे आणि पायडलला पट्टे, अशा तिच्या अटी आहेत. कच्च्या, पांढऱ्या धुळीच्या रस्त्यांवर निघण्यापूर्वी सहभागी आपापल्या सायकली चाळून पाहतात, आणि शंका आली तर कोणीतरी वाकून मागच्या डिरेलरवरचे दोन आकडे वाचतो.